अर्धे दिवे

सर्किट चालू केलं की सर आधी त्यातल्या नखाएवढ्या स्विचवर बोट ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "गार आहे," म्हणायचे. "तापलं म्हणजे वीज फुकट गेली." तापलेल्या पोराच्या कपाळालाही कोणी इतक्या काळजीने हात लावत नाही.

मुंबईकडची नोकरी सोडून त्यांनी रेवदंड्यात वर्कशॉप काढलं होतं. मी तिथे सोल्डरिंग करायचे. मासेमारी बोटींच्या एलईडी दिव्यांसाठी आम्ही ड्रायव्हर बनवायचो, म्हणजे बॅटरीची वीज दिव्याला झेपेल अशी करून देणारी पेटी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताटातली सुरमई गार व्हायची, आणि हे पेटी गार आहे का ते बघत बसायचे.

मला शिकवताना म्हणाले, "बोट धक्क्याच्या बरोबरीला आली की मगच पाय टाकायचा, नाहीतर आपटतो. माझा स्विचही सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, पण दर वेळी व्होल्टेज शून्यावर उतरेपर्यंत थांबतो, मग चालू होतो." मला एकदम कळलं.

अकरा बोटींवर पेट्या बसल्या. बॅटरी जास्त टिकू लागली, नाखवे खूश झाले.

मग एका दुपारी एक नाखवा जळकी पेटी घेऊन आला. ऐन जाळं ओढताना दिवे गेले होते, आणि अंधारात त्याच्या भावाची दोन बोटं कप्पीत सापडून तुटली होती.

सरांचा चेहरा उतरला. "दिवे सगळे चालू होते ना?"

"सगले कशाला? जालं टाकून बसलो की अर्धे बंद करतो आमी. ओढताना लावतो परत."

सरांनी पेटीची सगळी परीक्षा पूर्ण दिव्यांवर घेतली होती. दिवे अर्धे केले की करंट कमी पडायचा, व्होल्टेज शून्यावर यायचंच नाही आणि स्विच तासन्‌तास आपटत तापायचा.

नाखवा गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो, सर. आमच्या कोळीवाड्यात सगळेच अर्धे बंद करतात."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "खरंय," एवढंच म्हणाले.

नंतर रोज धक्क्यावर उभे राहून त्यांनी उरलेल्या दहाही पेट्या काढून आणल्या. लोक देत नव्हते. "साहेब, चांगली चालते, ऱ्हाऊ द्या ना," म्हणायचे. हे हात जोडायचे. शेवटची पेटी आली आणि त्या आठवड्यात ते पुण्याला मुलीकडे निघून गेले. वर्कशॉपची चावी माझ्याकडे दिली.

त्यांनी जाताना ठेवलेल्या सर्किटच्या नव्या नकाशावरून मी एक पेटी बनवली. महिनाभर चालवली आणि फोन केला. "सर, अर्ध्या दिव्यांवरपण गार आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आणि एकच दिवा ठेवला तर? ठेवतात का कधी?"

"ठेवतात ना. भात शिजवताना."

"आणखी काय करतात? सांग. मी लिहून घेतोय."

मी सांगत राहिले. पाणी मारून बोट धुतात ते, बॅटरी उतरली की इंजिन चालू करतात ते, सगळं. ते मधेच "थांब, हळू" म्हणत होते. मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला. हे सगळं त्यांनी इथे, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून विचारायला हवं होतं. आणि मी तरी कशाला वाट बघत बसले, ते विचारतील म्हणून?