डावीकडून मोजलेली साखळी

ज्या चुकीसाठी मी एका विद्यार्थिनीला वर्गासमोर कॉपी करणारी ठरवले, ती चूक माझी होती. हे मी वर्षानुवर्षे कोणालाही सांगितले नाही.

भूमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. त्या चाचणीत सहा कार्बनांची साखळी काढून तिचे नाव विचारले होते. उजवीकडून तिसऱ्या कार्बनवर मिथाइल गट. गटाला लहानात लहान क्रमांक मिळेल त्या टोकाकडून मोजायचे, म्हणून उत्तर थ्री-मिथाइलहेक्झेन. एकाच बाकावरच्या दोघींनी मात्र डावीकडून मोजून फोर-मिथाइलहेक्झेन लिहिले. इतर सर्वांचे बरोबर होते. मला कॉपीचा वास आला. एकीचे अक्षर सुबक. दुसरी येरमाळ्याहून एसटीने येणारी, मान खाली घालून बसणारी. हिनेच पाहून लिहिले, असे मी ठरवून टाकले आणि तिला वर्गासमोर उभे केले.

“सर, तुम्हीच फळ्यावर असं मोजलं होतं.”

“वा! आता माझ्यावर ढकल.”

वर्ग हसला. तिची मैत्रीण गप्प राहिली, तेही मला पुराव्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. “पोरगी चुकली आसंल सर, पदरात घ्या,” हात जोडून म्हणाले. मी मोठेपणाने माफ केले. पुढे ती विज्ञान सोडून कला शाखेत गेली.

पुढच्या वर्षी नव्या वर्गाला तोच भाग शिकवताना माझा खडू सवयीने डावीकडून निघाला. मागून आवाज आला, “सर, उजवीकून मोजा की, तीनच येतंय!”

माझा हात थांबला. आदल्या वर्षीच्या वर्गातली बाकी मुले खासगी शिकवणीला जात; केवळ माझ्या फळ्यावर विसंबणाऱ्या त्या दोघीच होत्या. मी आकडे पुसले आणि पुढे शिकवत राहिलो.

यंदा ती विद्यार्थिनी लेकीच्या प्रवेशासाठी आली. कार्यालयात मला पाहून थबकली.

“रसायन अजून तुम्हीच शिकवताव?”

“हो.”

“खरंच?” तिने मला निरखून पाहिले आणि कागद परत पिशवीत घातले. “चल गं, दुसरीकडं बघू.”

“का गं आई?” लेकीने विचारले. आई दाराकडे वळली.

“ताई, थांबा,” मी म्हणालो. कारकुनांनी माना वर केल्या. “फळ्यावर मीच चुकीचं मोजलं होतं. तुम्ही कॉपी केली नव्हती. मला ते पुढच्याच वर्षी कळलं, तरी मी गप्प बसलो. तुमच्या वडिलांनी माझ्यापुढं हात जोडले. ते मी जोडायला हवे होते. मला माफ करा.”