मिक्सर एडिनबराला जाणारच!

सरकारी कॉलनीत परदेशच्या टूरवरून परतलेला माणूस दोन गोष्टी हमखास आणतो: चॉकलेटं आणि प्लगचा एखादा किस्सा. चॉकलेटं संध्याकाळपर्यंत संपतात. किस्से मात्र आमच्या दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये इतके साठलेत, की आम्हा मराठी मंडळींच्या चहाला दुसरा विषय लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात हे किस्से सगळ्यात कान देऊन ऐकले ते रझियावहिनींनी. समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या सोलापूरच्या. लेक समीना एडिनबराला, तिचं पहिलंच बाळंतपण. वहिनींनी ठरवलं होतं, घरचा मिक्सर तिकडे न्यायचा आणि खारकेची पूड, शेंगाचटणी, सगळं आपल्या हाताने करून लेकीला खाऊ घालायचं.

जावयाने फोनवर सांगून टाकलं, "अम्मी, इथे सगळं तयार मिळतं. शिवाय भिंती पातळ आहेत, मिक्सरचा आवाज चालणार नाही. तुम्ही फक्त आराम करायला या."

वहिनींचा चेहरा उतरला. पण फोन ठेवून म्हणाल्या काय, "आराम करायला दिल्ली काय वाईट आहे? मिक्सर येणार! फक्त पिन कुठली लागते तेवढं सांगा."

झालं! सगळी कॉलनी सल्ले द्यायला धावली.

* * *

पहिले आले खाडेसाहेब. जोहान्सबर्गला जाताना त्यांनी एअरपोर्टवरून 'सगळ्या जगात चालणारा' अ‍ॅडॉप्टर घेतला होता. हॉटेलात बघतात तर भिंतीत तीन मोठ्ठी गोल भोकं! अ‍ॅडॉप्टर काही जाईना. लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतोय आणि सकाळी मीटिंग. शेवटी घरी व्हिडिओ कॉल लावून बायकोला सॉकेट दाखवलं.

खाडेवहिनींनी एक नजर टाकली. "अहो, हे तर आपल्या गिझरचं सॉकेट!"

तेव्हापासून खाडेसाहेब कुठल्याही देशात जायचं असलं की आधी स्वतःच्या बाथरूममध्ये डोकावतात.

* * *

वसईच्या फर्नांडिसांचा किस्सा लंडनचा. तिथल्या सॉकेटचं वरचं भोक दाबल्याशिवाय खालची दोन उघडत नाहीत. फर्नांडिस अ‍ॅडॉप्टर घरीच विसरलेले. पण आपण भारतीय! त्यांनी टूथब्रशची दांडी वरच्या भोकात खुपसली आणि आपला दोन पिनांचा चार्जर खाली बसवला. फोन चार्ज व्हायला लागला. ब्रश मात्र जो अडकला तो अडकलाच.

"सकाळी फोन फुल्ल," फर्नांडिस सांगतात, "आणि दात तसेच! पूर्ण प्रेझेंटेशन ओठ मिटून दिलं यार!"

वर वहिनींना बजावलं, "हा जुगाड बिल्कुल करायचा नाही. नीट अ‍ॅडॉप्टर घ्या."

* * *

आमच्या घरचा किस्सा मला सांगावाच लागला. आमचे हे वॉशिंग्टनला घरची इस्त्री घेऊन गेले. पिन बरोबर, अ‍ॅडॉप्टर बरोबर, दिवाही लागला. पण तिकडचा करंटच आपल्या निम्म्या व्होल्टचा! हे अर्धा तास शर्टावर इस्त्री दाबत बसले.

"काय झालं?" मी फोनवर विचारलं.

"शर्टाला बारीक ताप आला. सुरकुती गेली नाही."

वहिनींनी लगेच विचारलं, "ताई, एडिनबराला व्होल्ट आपल्याएवढेच ना?" एवढेच, म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.

* * *

मग आम्ही दोघी पहाडगंजला गेलो. दुकानदाराने एक नाजूक, गुलाबी अ‍ॅडॉप्टर पुढे केला. मिक्सरचं नाव काढताच मागे घेतला. "मॅडम, ये तो मोबाइलवाला है. मिक्सर लगाओगी तो पिघल जाएगा."

"तो जो नहीं पिघलता, वो दिखाइए."

त्याने फ्यूजवाला जाडजूड नग काढला. वहिनींनी खाली ठेवलेली पिशवी उचलून काउंटरवर ठेवली. आत मिक्सर! सोबत डब्यात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ.

"चला के देखूँगी."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. पण सगळ्या पिना घेणारा एक एक्स्टेन्शन बोर्ड काढून त्याने जोडणी करून दिली. मिक्सर गरजला! चटणी झाली, अ‍ॅडॉप्टर जेमतेम कोमट. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तळहातावर वहिनींनी चिमूटभर चटणी ठेवली, आणि मगच नग पॅक करायला सांगितला.

* * *

विमानासाठी सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी साड्या काढल्या, मिक्सर ठेवला. तिकडे नात झाली. त्यानंतर बरेच दिवस त्यांचा फोन नाही. मला धाकधूक, की जावयाने मिक्सर कपाटात टाकायला लावला असेल आणि वहिनी बिचाऱ्या आराम करत बसल्या असतील.

शेवटी मीच व्हिडिओ कॉल लावला. वहिनींचा चेहरा दिसला, पण मागे नुसती घरघर! काही ऐकू येईना.

"एवढं काय वाटताय?" मी ओरडले.

"काही नाही हो ताई! भांडं रिकामं आहे!"

त्यांनी फोन फिरवला. ओट्यापाशी जावई उभा. एका हाताने मिक्सरचं झाकण दाबलेलं, खांद्यावर पोरगी गाढ झोपलेली. वहिनींना वाटलं, माझ्याशी नीट बोलता यावं. त्यांनी बटणाकडे हात नेला, तर जावई घाबराघुबरा झाला.

"अम्मी, हात जोडतो! बंद नका करू, ही उठेल!"