रुक्माबाईची फुंकर

डोंगरकडा गावाच्या पुढं, सडकेला लागून रामकिशनचं शेत आहे. डिसेंबर लागला की तिथं पाटी लागते: हुरडा, बैलगाडीची फेरी, गावरान जेवण. मग पुण्याच्या, हैदराबादच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. सकाळी औंढ्याला नागनाथाचं दर्शन, मग इसापूरच्या धरणावर थंडीपुरते येणारे पक्षी, आणि दुपारी रामकिशनच्या शेतात सतरंजीवर मांडी घालून हुरडा, असा त्या लोकांचा ठरलेला फेरा. मांडी घालता येत नाही ही गोष्ट वेगळी. पाव तासात पाय लांब होतात आणि कोणीतरी हळूच खुर्ची मागतं.

या सगळ्या थाटात खरं काम एकाच बाईचं, आणि ती म्हणजे रुक्माबाई. साठी उलटलेली, काटकुळी, गावातल्या बौद्ध वस्तीतली. नवरा सोनाजी जाऊन नऊ वर्षं झाली, पोरगी शीतल नांदेडला नांदते. रुक्माबाई आगटीपाशी बसते. आगटी म्हणजे जमिनीत खणलेला हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, वास सुटला की काढायची आणि गरम असतानाच दोन तळहातांत धरून चोळायची. दाणे सुटले की ओंजळ तोंडापाशी नेऊन एक फुंकर मारायची. कोंडा उडून जातो, हिरवा दाणा उरतो, तो पाहुण्याच्या हातावर ठेवायचा.

बोलायला सोपं आहे. करून बघा एकदा. कणीस गार झालं तर दाणा सुटत नाही आणि चिवट लागतो, फार गरम दिला तर पाहुण्याचा हात पोळतो. मधली वेळ दोन-चार श्वासांची असते, आणि ती घड्याळाला नाही, तळहाताला कळते. रुक्माबाईच्या तळहाताला ती बरोबर कळायची. रामकिशननं हा धंदा सुरू केला त्याला अकरा हिवाळे झाले, त्यातल्या दहा हिवाळ्यांत तिच्या हातचा दाणा कोणाला पोळला नाही.

एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक, असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. रुक्माबाई सात-आठ वर्षांची होती तेव्हा याच शेताच्या बांधावर आईचा पदर धरून उभी राहायची. रामकिशनची आजी हुरडा द्यायची, नाही असं नाही, पण वरून. खाली पदर पसरायचा आणि म्हातारीनं हात उंच धरून दाणे सोडायचे. अर्धे पदरात, अर्धे मातीत. मातीतले वेचून, फुंकून खाल्लेले दाणे रुक्माबाईला अजून आठवतात. तिच्या आईच्या हातचं घेऊन खायचा तर कोणाच्या मनात विचारसुद्धा आला नसता. आणि आता त्याच शेतात कुठकुठची माणसं तिच्यापुढं हात पसरून बसतात आणि म्हणतात, "आजी, मला तुमच्या हातचा द्या." पहिल्याच वर्षी एका बाईनं तिची बोटं धरून दाणे घेतले. रुक्माबाईला भरून आलं, आणि धूर गेला डोळ्यात असं सांगून तिनं डोळे पुसले.

हे ती बोलली ते एकट्या खतीजाबीपाशी. खतीजाबी तिच्याच वयाची, शेजारच्या चुलीवर भाकरी थापायला आणि लसणाची चटणी वाटायला यायची. दोघींचं चांगलं जमायचं, म्हणजे दिवसभर एकमेकींच्या खोड्या काढायच्या. "मजुरी तर कुठंबी भेटते," रुक्माबाई तिला म्हणाली होती, "पण हितं लोक माझ्या हातचं मागून खातात. त्याच्यासाठी मी वरीसभर वाट बघते."

आणि नेमका तो हातच गेला.

सुरुवात पायापासून झाली. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचं नाही. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. सरकारी दवाखान्यात दाखवलं तर शुगर निघाली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा कमजोर झाल्यात, पाय जपा, विस्तवापासून हात जपा. हुरडा भाजणाऱ्या बाईला हे सांगून त्या मोकळ्या झाल्या. रुक्माबाईनं गोळ्या पदराला बांधल्या आणि गावात कोणाला सांगितलं नाही, शीतललाही नाही.

या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं कणीस काढलं, चोळलं, तर हाताला ऊबच लागेना. विस्तव बसला असेल म्हणून तिनं दाणे पुण्याच्या एका बाईच्या हातावर ठेवले. ती बाई किंचाळली, दाणे उधळले, तळहात लालभडक. रामकिशन पळत जाऊन टूथपेस्ट घेऊन आला. संध्याकाळी भांडी आवरताना खतीजाबीनं रुक्माबाईचा हात धरला. "हे काय गं? फोड कवा आला?"

"कशाचा फोड?" रुक्माबाई म्हणाली. अंगठ्याखाली बोराएवढा फोड होता आणि तिला पत्ता नव्हता.

चार दिवसांनी एका माणसाचा हात पोळला. तो बिचारा हसून गेला, पण रामकिशन हसला नाही. "मावशी, दोनदा झालं," तो म्हणाला. "हे लोक लगेच मोबाईलवर वाईट लिहितात, मंग पुढच्या गाड्या येत न्हाईत. आणखी एकदा झालं तर मी मशीन लावतो. तुमी चुलीकडं बसा." दाणे काढायचं मशीन त्यानं मागच्याच वर्षी आणून ठेवलं होतं. गोठ्यात प्लास्टिक पांघरून उभं होतं.

त्या दिवसापासून रुक्माबाईचा जीव टांगणीला लागला. तिनं काय काय केलं ते ऐकाल तर हसावं का रडावं कळायचं नाही. कणीस काढून मनात पंचवीसपर्यंत आकडे मोजायची. वारं असलं की दाणा तेवढ्यात गार, वारं पडलं की तसाच धगधगीत. वाफ बघायची, तर उन्हात वाफ दिसत नाही. दाणे कोपरावर टाकून बघितले, तर सगळे मातीत. खतीजाबी म्हणाली, "कोंबड्यांला चारून राहिली का?" रुक्माबाईला तेव्हा थट्टा सोसवत नव्हती. तिनं पाठ फिरवून दुसरं कणीस आगटीत खुपसलं.

मग एकदा फुंकर मारताना ओंजळ जरा जास्त वर गेली आणि एक दाणा खालच्या ओठाला लागला. चटका बसला. रुक्माबाई थबकली. हात मेला होता, पण ओठ जिवंत होता. तिनं पुन्हा फुंकर मारली, पुन्हा ओठ टेकवला, पुन्हा चटका. तिसऱ्या खेपेला दाणा नुसता कोमट लागला आणि तो तिनं समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातावर ठेवला. ते म्हणाले, "वा, आजी."

तिला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग भीती. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. याला उष्टं म्हणतात. स्वतःच्या ओठाला लावून दुसऱ्याला द्यायचं. लेकराला आई देते, नवऱ्यालाही कोणी देत नाही. आणि तिच्यासारखीनं दिलं, तर पाहुणे एक बोलतील आणि गाव दुसरंच बोलेल. तिला लाज वाटायची, रोज वाटायची. तरी रोज सकाळी ती आगटीपाशी येऊन बसायची, कारण समोर हात पसरलेले असायचे.

महिनाभर कोणाला पोळलं नाही. रामकिशन खूश. रुक्माबाईचा ओठ मात्र सुजला, त्याच्यावर खपल्या धरल्या. कोणी विचारलं तर ती म्हणायची, ताप ओठावर उतलाय. खतीजाबीला फसवणं सोपं नव्हतं.

"आठ दिवस झाले, मी बघून राहिले," खतीजाबी एकदा पीठ मळता मळता म्हणाली.

"मंग जा, सांग त्याला."

"मी काहून सांगू? पण ओठबी मेला तर काय लावशील गं, डोळा?" एवढं बोलून तिनं गोळाभर लोणी रुक्माबाईच्या पुढ्यात सरकवलं.

संक्रांतीच्या आधी मोठी बस आली. परदेशातले पाहुणे, महिनाभर देश बघत हिंडणारे, कोणी डोक्यावर फेटे बांधून घेतलेले, कोणी बैलाच्या शिंगाला हात लावून भ्यालेले. रामकिशननं नवा मोबाईल काढून सगळ्याचं शूटिंग केलं. रुक्माबाईनं त्या दिवशी चाळीस जणांना हुरडा दिला. चोळ, फुंकर, ओठ, दे. चोळ, फुंकर, ओठ, दे. एका उंच गोऱ्या बाईनं दाणे खाऊन डोळे मिटले आणि रुक्माबाईला मिठीच मारली. रुक्माबाईचा ओठ फाटला होता, रक्ताची चव येत होती, आणि तरी तिला वाटलं, हा हिवाळा आपण काढला.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा रामकिशननं तिला गोठ्यामागं बोलावलं. मोबाईल पुढं धरला. त्यावर तिचंच तोंड होतं, मोठं केलेलं.

"मावशी, हे काय?"

"फुंकर मारून राहिले, भाऊ."

"ही फुंकर न्हाई. दाणे ओठाला लागून राहिलेत. दर खेपेला. तुमी पाहुण्यांला उष्टं खाऊ घालून राहिल्या." त्यानं आवाज खाली आणला. "गावातल्यानं हे पाहिलं तर काय म्हणंल, ते मी तोंडानं बोलत न्हाई. तुमाला समजतं."

समजत होतं. साठ वर्षं समजत होतं. तिच्या मनात आलं, गप्प बसावं तर ‘त्या लोकांची सवयच तशी’ असं गाव आपल्या वस्तीला म्हणेल, आणि बोलावं तर आगटी जाईल. तिनं दोन्ही तळहात त्याच्यापुढं उघडे धरले. जुने फोड, नवे फोड, कातडी निघालेली.

"माझे हात मेलेत, भाऊ," ती म्हणाली. "गरम-गार काही कळत न्हाई. ओठाला कळतं, म्हणून लावत होते. कोणाचा हात पोळू नये, एवढंच मनात होतं."

रामकिशन माणूस वाईट नाही. तो वाकून ते हात बघायला लागला. "आधी काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतं का?"

तो म्हणाला, "उद्यापासून मशीन लावतो. पण तुमी जागा सोडू नका. लोकांला फोटो लागतो. लुगडं नेसून बसायचं, कणीस चोळायचं, हसायचं. मजुरी तीच. फक्त दाणे कोणाला द्यायचे न्हाईत, आन् हात तोंडाकडं न्यायचा न्हाई."

तेव्हा रुक्माबाईनं ते केलं जे तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं. ती विनवण्या करायला लागली. "भाऊ, खतीजाबीला बघू दे. ती हात लावून सांगल गरम का गार, मंग मी देते."

"पन्नास लोकांची रांग असती मावशी. तिनं भाकरी थापायच्या, का तुमच्या ओंजळीत हात घालायचा?"

"मंग गार करूनच देते. चिवट लागला तरी…"

"मावशी, झालं आता," रामकिशन म्हणाला, आणि मोबाईल खिशात घालून पाहुण्यांकडं गेला.

दुसऱ्या दिवशी मशीन घरघरायला लागलं. रुक्माबाई हिरवं लुगडं नेसून आगटीपाशी बसली. लोक यायचे, तिच्याशेजारी उकिडवे बसून फोटो काढायचे, आणि उठून मशीनपुढच्या रांगेत जायचे. तिथं हुरडा कागदाच्या वाटीत मिळायचा. तिनं चोळलेले दाणे टोपल्यात पडायचे आणि संध्याकाळी शेळ्यांपुढं. दोन दिवसांत तिच्या हातचा दाणा कोणी मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक फोटोवाला, फोटोत धूर यावा म्हणून, तिला कणीस चोळताना मधेच थांबवत होता. धरा, थांबा, परत धरा, आता दुसरं घ्या. तेवढ्यात मशीनच्या रांगेतून एक पाच-सहा वर्षांची पोरगी निसटून आली, कानटोपी घातलेली. रुक्माबाईपुढं उभी राहिली आणि तिनं आपला हात रुक्माबाईच्या हाताला टेकवला.

"आजी, मला तुमच्या हातचा."

रुक्माबाईच्या ओंजळीत दाणे होते. हे कणीस आत्ता काढलेलं, का मघाचं? तिला आठवेना. खतीजाबी चुलीपाशी पाठमोरी, कोपरापर्यंत पिठात. मशीनपाशी रामकिशन उभा, इकडंच बघत. रुक्माबाईचा हात तोंडाच्या दिशेनं अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. पोरीचा हात खाली वाट बघत होता, इवलासा, कुठलातरी खाऊ चिकटलेला. महिनाभर जिच्यासाठी ओठ जाळला ती गोष्ट समोर होती, आणि द्यायची कशी ते तिला कळत नव्हतं.

तिनं मूठ मिटली.

"तिकडं जा बाळा, मशीनपाशी," ती म्हणाली. "आजीजवळचे संपले."

पोरीनं मिटलेल्या मुठीकडं बघितलं. लेकरांना खोटं कळतं. ती आईकडं निघून गेली. फोटोवालाही गेला. रुक्माबाई मूठ तशीच मांडीवर धरून बसून राहिली.

खतीजाबीला काहीतरी जाणवलं असावं. ती पिठाच्या हातानं उठून आली, शेजारी बसली आणि रुक्माबाईचं एकेक बोट सोडवायला लागली. आत दाण्यांतून वाफ निघत होती आणि तळहाताची कातडी दाण्यांना चिकटून वर येत होती.

"रुक्मा, अगं, गरम हायेत हे," खतीजाबी म्हणाली. "लई गरम हायेत."

"व्हय का?" रुक्माबाई म्हणाली. "मंग बरं झालं, दिले न्हाई." आणि या वेळी ती धुराचं निमित्त न सांगता रडली.