कानाला लावलेली माती

प्रयोगशाळेत सगळे तिला ‘कानवाल्या बाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मातीत चुनखडी आहे का हे बघायला बाकीचे आम्लाचा थेंब टाकून डोळे ताणत. ही बशी उचलून सरळ कानाला लावायची. फेस दिसला नाही तरी बारीक चुरचुर ऐकू येतेच, हे तिचं तेवीस वर्षांचं म्हणणं.

गेली दोन वर्षं मात्र एका शेताची माती मुकी झाली होती, आणि ते शेत तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचं. नऊ वर्षांपूर्वी तिनेच मागे लागून त्याला तिथे प्रयोगशाळेच्या प्रयोगासाठी काळ्या दगडाची भुकटी पसरायला लावली होती. पाण्याने दगड झिजतो, हवेतला कार्बन धरतो आणि चुनखडी होऊन मातीत बसतो. “तुझ्या पणतवंडांनंतरही तिथंच असेल, दादा,” असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. बहिणीने शेतात दगड पेरले म्हणून शेजारीपाजारी हसले, ते दादाने ऐकून घेतलं. आता चुनखडी नाही असा अहवाल गेला की प्रयोग बंद, आणि तिचा शब्द खोटा.

अहवाल लिहिण्याआधी ती शेतावर गेली.

“दादा, खरं सांग. इथे वेगळं काही टाकलंस?”

दादा पायाने माती उकरत राहिला. “मका पिवळा पडला होता गं. दोन हंगाम युरिया जरा जास्तच टाकला. म्हटलं, तुला सांगितलं तर उगाच रागावशील.”

ती रागावलीच. युरियाने माती आंबट होते आणि आंबट मातीत चुनखडी विरघळते. काही तर पुन्हा हवा होऊन उडून गेली असणार. पण सगळी? पाणी विरघळलेलं घेऊन खाली जातं, आणि तिने स्वतः नऊ वर्षं नियमावर बोट ठेवून वरची वीतभरच माती तपासली होती. म्हणजे दादाला एकट्याला बोलण्यात अर्थ नव्हता.

“कुदळ आण,” ती म्हणाली.

तुलनेसाठी आधी भुकटी न टाकलेल्या कडेच्या तुकड्यात छातीइतका खड्डा झाला. बशी गप्प. मग शेतात तेवढाच दुसरा. दादाचा सदरा घामाने चिंब झाला होता. तिने खड्ड्यात उतरून बाजू खरवडली आणि तिचा हात थांबला. मेलेल्या मुळांच्या पोकळ वाटांमधून शिवायच्या दोऱ्याएवढ्या पांढऱ्या रेषा खाली उतरल्या होत्या, जिकडे पाहावं तिकडे. इतकी वर्षं माती तपासून तिने असं काही पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

ढेकूळ बशीत, त्यावर थेंब, बशी कानाला. मग तिने ती दादाच्या कानाला लावली.

चुरचुर ऐकत त्याने बशी कानाशी घट्ट धरली. “ही हवा?”

“एकेकाळची. आता दगड आहे.”

“किती टिकेल?”

“आंबट पाणी इथवर पोचू दिलं नाहीस, तर हजारो वर्षं.”

हजारो म्हणजे किती, हे दोघांनाही नीट उमगेना. दादाने त्या रेषांवरून बोट फिरवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“अजून एक ढेकूळ काढ,” तो म्हणाला. “तुझ्या वहिनीलाही ऐकवू.”

तिने आम्लाच्या बाटलीला बूच लावलं. “ऐकू येतं ते पुन्हा हवा होऊन उडून जाताना, दादा.”

दादाने कुदळ बाजूला ठेवली आणि खड्डा हातांनी बुजवायला घेतला.

घरी वहिनीने विचारलं, “सापडलं का काही?”

“आहे,” दादा म्हणाला. “पण ऐकवता येत नाही. शब्दावर विश्वास ठेव.”