आंब्याच्या खोलीतली फिल्म

कृष्णधवल फिल्म घरच्या घरी धुणं अगदी सोपं असतं, असं एका व्हिडिओतल्या माणसाने मला सांगितलं. त्याच्या घरी अण्णा नसावेत. (अण्णा म्हणजे माझे वडील.)

आईअण्णांच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नव्हता. म्हणून गेल्या मे महिन्यात लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आई म्हणाली, "आता तरी हार घातलेला आमचा एक फोटो काढ." एक? मी जुना कॅमेरा काढून छत्तीस काढले! वर पाहुण्यांना दम भरला, "मोबाईल खिशात! आज फक्त खरी फोटोग्राफी!" बिचाऱ्यांनी ऐकलं.

फिल्म धुण्याच्या डब्यात भरायची तर मिट्ट काळोख हवा. आमच्या घरात बिनखिडकीची खोली एकच, आंब्याच्या आढीची. तिला आतून कडी नाही, म्हणून अण्णांनाच दारात खुर्ची टाकून बसवलं.

"अण्णा, काही झालं तरी कुणाला आत सोडायचं नाही!"

"अरे, माशी जायची नाय!"

आत पेंढ्यात मांडी ठोकून मी फिल्म चक्रीवर चढवायला लागलो, आणि कोपराने व्हिनेगरची बाटली लवंडली. (फिल्म धुताना व्हिनेगरचं पाणी लागतं. ते आधीपासून उघडं ठेवावं लागत नाही, हे मला आता माहीत आहे.) आंबूस वास दाराखालून बाहेर गेला. चारशे आंब्यांत एक नासला तरी अण्णांना ओटीवर बसून कळतं. धाडकन दार उघडलं आणि तोंडावर बॅटरी!

"आंबा कुजलाय!"

"अण्णा, दार लावा! आधी दार लावा!"

"लावतो काय! एक कुजला की सगळी आढी जाते!"

मी फिल्म झटकन गोणपाटाखाली सारली. नेमकं तेच गोणपाट व्हिनेगरने भिजलेलं! अण्णांनी ते उचललं, वाकून बॅटरी जवळ नेली आणि फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"हा आंबा नाय," ते म्हणाले.

"कुणाला सोडू नका म्हटलं होतं ना!"

"मग? कुणाला सोडलं मी?"

तरी मी हट्टाने फिल्म धुतली. काळीकुट्ट! छत्तीसच्या छत्तीस! आईने ती खिडकीशी धरली, उलटी करून पाहिली. "ह्यात मी कुठली रे?"

"कुठेच नाहीस," मी म्हणालो. मला खरंच रडू आलं.

"मेल्या, तुला एकच सांगितला होता!" आई कडाडली आणि अण्णांकडे वळली. "उठा हो. कोट घाला."

तासाभरात आम्ही बाजारातल्या स्टुडिओत. दोघांनी पुन्हा हार घातले, आई नव्या नवरीसारखी लाजली आणि पहिल्याच झटक्यात असा झकास फोटो आला की मलाही भरून आलं. मी लायटिंगबद्दल दोन शब्द सांगायला पुढे झालो, तर आईने माझ्या हातात तिची पर्स आणि अण्णांचा चष्मा देऊन मला बाहेर बाकावर बसवलं.

दोन्ही वस्तू मी सुखरूप परत केल्या, याची घरात अजून कुणी दखल घेतलेली नाही!