पडलेला ॲव्हरेज

मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मालाने भरलेल्या ट्रकमध्ये बसले... क्लीनरच्या सीटवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. शिवडीच्या गोदामातून निघायचं, पनवेलला माल उतरवायचा आणि परत यायचं, एवढाच प्रवास.

मी शिवडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात डिझेलचं काम बघते. कुठली गाडी लिटरला किती किलोमीटर देते, म्हणजे आमच्या भाषेत तिचा ॲव्हरेज काय, ते रोज बघायचं. महादेवकाकांच्या गाडीचा ॲव्हरेज पावसाळ्यापासून घसरत चालला होता. गॅरेजला दाखवली, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, टायरची हवा बघितली... इंजिन ठणठणीत.

मग आमच्या धंद्यात एकच अर्थ निघतो. ड्रायव्हर डिझेल काढून विकतोय.

काका आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. राहायला भोईवाड्यात, गाव कुडाळकडचं. "म्हातारा अंड्यावर पाय ठेवल्यासारखी रेस देतो," असं बाकीचे चिडवायचे, इतकी त्यांची गाडी कमी पिणारी. त्यांच्यावर संशय घ्यायला माझं मन धजेना. पण शेठ म्हणाले, तुम्हीच जा बरोबर. टाकी गळ्यापर्यंत भरा, गाडीवरून नजर हलवू नका, आल्यावर त्याच पंपावर परत भरा... काय ते कळेल.

निघताना गेटवरून एक ड्रायव्हर ओरडलाच, "काय काका, आज पोलीस बाजूला बसवून?"

"अरे, मॅडमना हवा खायला नेतोय," काका हसून म्हणाले. माझ्या सीटवर त्यांनी घरून आणलेली चादर घडी करून घातली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी चालली तसं काहीतरी खटकत होतं. इंजिन उगाच गुरगुरायचं, मग लगेच ब्रेक, पुन्हा जोरात रेस. पण मला ट्रकमधलं काय कळतंय... वाटलं, अवजड गाडी अशीच चालत असेल.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबलो. मी बाकावर अशी बसले की टाकीचं झाकण दिसत राहावं. काका चपला काढून बसले होते, गावच्या कलमांना यंदा मोहोर कसा आलाय ते सांगत होते. चहावाल्याचा हात हलला आणि किटलीतला उकळता चहा त्यांच्या उजव्या पायावर सांडला.

काका बोलतच राहिले.

"काका, पाय!" मी किंचाळले. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं... मग खाली पायाकडे. मग पाय मागे घेतला. पंजा लाल झाला होता, आणि अंगठ्याखाली एक जुनी जखम दिसत होती, उघडीच.

"शुगर आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "पावलाला काही कळत नाही. पेडल किती दाबलं गेलं ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो."

म्हणजे डिझेल तिथे जात होतं. नको तेवढं दाबलं जायचं, मग सावरायला ब्रेक, मग पुन्हा तेच... माझा जीव खरंच हलका झाला. म्हटलं, काका, तुम्ही चोरी केलेली नाही, मी आजच शेठना सांगते.

"नको. चोरीच लिहा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. "चोरी केली तर शेठ चार शिव्या घालतील, पगारातून कापतील आणि उद्या परत चावी देतील. चोर ड्रायव्हर चालतो, मॅडम. पाय गेलेला कोण ठेवतो?"

मग त्यांनी हात जोडले. "माका घरात बसवू नको गो..."

इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी चोरी लिहायचं जवळजवळ ठरवलं होतं.

शिवडीत शिरताना सिग्नल लागला. शाळा सुटली होती, पोरं दप्तरं सांभाळत समोरून रस्ता ओलांडत होती. काकांनी मान खाली घातली. पाय ब्रेकवर पडलाय की नाही, ते डोळ्यांनी बघायला... गाडी थांबली, अगदी नीट थांबली. पण तेवढा वेळ आमच्यापैकी रस्त्याकडे बघणारी मी एकटीच होते.

पंपावर टाकी परत भरली. ॲव्हरेज तेवढाच वाईट आला, आणि टाकीला तर कोणी हातही लावला नव्हता. मी शेठना सगळं सांगितलं. काकांनी चावी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर मीही त्यांना परळच्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. काकूंनी माझा हात घट्ट धरला. काका भिंतीकडे बघत बसले होते.

शेठनी त्यांना गोदामाच्या गेटवर काम दिलंय. गाडी नव्या ड्रायव्हरच्या हातात पहिल्यासारखा ॲव्हरेज द्यायला लागली, आणि ऑफिसात सगळे खूश. "बघा मॅडम, सुटला की नाही प्रॉब्लेम?"

परवा आत शिरताना विचारलं, "काका, पाय कसा आहे?"

"बरा आहे," ते म्हणाले. "आता त्याला काम काय?"

त्यांचा पाय वाचला म्हणून मी देवाचे आभार मानते. काका मानत नाहीत... आणि त्यांनी मानावेत असं त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही.