टोकणारे अण्णा

जगातल्या चुका संपल्या असत्या, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा त्याच दिवशी आजारी पडले असते. सरकारी कचेरीत हेडक्लार्क. समोर आलेल्या अर्जावर हरकत काढून तो परत पाठवायचा, हेच त्यांचं काम आणि हीच करमणूक. मी नळाला घागर लावली की जिन्यातून आवाज यायचाच, "घागर वाकडी लागलीया की, बाई!" जराशी वाकडी असायचीही मेली, म्हणून तर जास्त राग यायचा.

"टोकल्याबिगार या दुनियेत सरळ कोण चालतंय?" असं ते वर ऐकवायचे.

आमच्याकडे बोटानं भोक पाडून बी मातीत घालण्यालाही टोकणंच म्हणतात. अण्णांना हे दोन्ही अर्थ एकच वाटत असावेत.

त्या उन्हाळ्यात वहिनींची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, आई चंदगडला वारली. दिवसकार्य उरकून वहिनी एसटीनं परतल्या, त्या पदराच्या गाठीत सात बिया बांधून. आईच्या घरामागच्या परड्यातल्या तवशाच्या. तवसं म्हणजे हातभर लांब, जाडजूड काकडी. भाऊ परडं मोडून तिथं काजू लावणार होता, त्यामुळं त्या वेलाचं उरलं ते एवढंच. "आईच्या हातचं दुसरं कायबी न्हाय गं माझ्याजवळ," असं सांगताना वहिनींना रडू आवरेना.

अण्णांनी ताबडतोब कारभार हाती घेतला. माती चाळली, शेणखत मिसळलं, तुपाच्या सात रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली. बी कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ उबीला ठेवलं आणि मग एकेका डब्यात पेराभर खोल टोकलं. इथपर्यंत मलाही नावं ठेवायला जागा सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्यांनी पहिल्या डब्यात बोट घातलं, बी वर काढलं, निरखलं आणि परत पुरलं.

"जरा दम धरा की वो!" वहिनी म्हणाल्या.

"तू गप. चौकशी केल्याशिवाय कुठला अर्ज पुढं सरकलाय?"

तिसऱ्या दिवशी मोड दिसला. अण्णांनी कौतुकानं तो उकरून आम्हा दोघींना दाखवला आणि परत पुरताना मोडला. आठवडाभरात अशा चार बियांची चौकशी पुरी झाली.

अण्णा कचेरीत गेल्यावर वहिनी उरलेले तीन डबे घेऊन खाली आल्या. "हे तुझ्या परसात ठेव. त्यांस्नी सांगू नगंस." वर त्यांच्या जागी तसेच तीन डबे मांडले, आत लाल भोपळ्याचं बी. अण्णा ते रोज उकरत राहिले. "जात बघा, बाई! चंदगडचं बी कसं रुंद असतंय!" मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

माझ्या परसात एक बी कुजलं, दोन उगवली. डोक्यावर सालीची टोपी घातलेली ती रोपं बघायला वहिनी दिवसातून चारदा यायच्या. लांबूनच बघायच्या.

एकदा माझी कपड्यांची दोरी ढिली झालीय हे सांगायला अण्णा परसात आले आणि डबे बघून थबकले. "ही कशाची?"

"माझ्या आईची," मागून वहिनी म्हणाल्या.

अण्णांना सगळं उमगलं. तरी सवयीनं त्यांचं बोट मातीकडं गेलंच.

"हात काढा!"

बावीस वर्षांच्या संसारात वहिनींनी नवऱ्याला आवाज चढवून टोकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. अण्णांनी हात काढला. तिथंच उकिडवे बसले.

"मी काय मुद्दाम केलं व्हय गं?"

"न्हाई वो. म्हणून तर लपवायला लागलं. मुद्दाम करणाऱ्याशी भांडता तरी येतंय."

जन्मभर हरकती काढणारा माणूस उठला आणि ढिली दोरी तशीच सोडून जिना चढून गेला. मला त्यांची फार दया आली.

तेव्हापासून अण्णा गेले त्या सालापर्यंत दरवर्षी त्याच तवशांचं बी टोकायचं ते वहिनींनी. अण्णांकडं नुसतं पाणी आणायचं काम. भरलेला तांब्या डब्यापासून चार हात लांब ठेवून ते विचारायचे, "जाऊ न्हवं आता मी?"